आमच्या इवायांची बारव

आमच्या इवायांइतका निष्पाप माणूस मी अख्ख्या वाशीम जिल्ह्यात पाहिला नाही, आणि स्वतःचं निष्पापपण सिद्ध करण्यासाठी इतकी जमीन पालथी घातलेला माणूस तर उभ्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. इवाई म्हणजे व्याही. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. म्हणजे ते मुलाचे वडील आणि मी मुलीचा बाप, त्यांनी बोलायचं आणि मी मान हलवायची, हे मांडवातच ठरून गेलेलं. अशा नात्यातली माणसं सहसा मानपान मागतात, पंगतीत रुसतात, आहेर उलटून पालटून बघतात. आमच्या इवायांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की उन्हाळ्यात मी मुलीला भेटायला गेलो की पाण्याचा पेला रिकामा व्हायच्या आत माझ्या हातात घमेलं दिलं. माझी सगळी नोकरी वीज कंपनीत गेली, त्यामुळे चालताना वर तारांकडे बघायची मला सवय. या माणसाने उतारवयात मला खाली बघायला लावलं, आणि तेही लोकांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, खापरं वेचत.

त्यांचं गाव आसेगावच्या पलीकडे, फाट्यापासून बरंच आत. काळी जमीन, सोयाबीन आणि तूर, मधे एक देऊळ आणि देवळासमोर पार. या गावाला कोणे एके काळी एक बारव होती, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरायची दगडी विहीर. आमच्या वाशीमातही शंभरावर तीर्थं असल्याचं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्यातली बरीचशी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत; त्यातलाच हा प्रकार. या बारवेत आंघोळ केली की खरूज जायची, नायटा जायचा, पण तिचा मोठा गुण निराळाच होता. गावात लग्न निघालं की ती भांडी द्यायची. मुलीच्या आईने सकाळी जाऊन वरच्या पायरीवर हळदकुंकू वाहायचं, काय काय हवं ते मोठ्याने सांगायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. दुसऱ्या दिवशी उजाडलं की परातीपासून पळीपर्यंत सगळं पायऱ्यांवर मांडलेलं. लग्न उरकलं की घासूनपुसून परत ठेवायचं. अशी गोष्ट महाराष्ट्रातली पुष्कळ गावं आपापल्या तळ्याविहिरींबद्दल सांगतात, आणि सगळीकडे ती एकाच जागी येऊन मोडते. कुणीतरी एक भांडं ठेवून घेतं आणि तीर्थ रुसतं. बाकीच्या गावांनी हा 'कुणीतरी' मोठ्या समजूतदारपणे निनावी ठेवला आहे. या गावाकडे मात्र त्याचा पक्का पत्ता आहे, आणि त्याच पत्त्यावर माझी मुलगी राहते.

ठेवून घेतलेलं भांडं म्हणजे तांब्याचं एक घंगाळ, आंघोळीचं पाणी काढायचं, दोन कड्यांचं. इवायांच्या कुठल्याशा पूर्वजाला ते आवडलं, त्याने ते चुलीमागे दडवलं, बारव रागावली आणि जमिनीत निघून गेली. तेव्हापासून हे घर घंगाळवाल्यांचं. सातबाऱ्यावर त्यांचं आडनाव वेगळं आहे आणि ते चांगलं भारदस्त आहे, पण गावात त्या नावाने चौकशी केली तर लोक विचारात पडतात. सोयरीक ठरवायला मी पहिल्यांदा निघालो तेव्हा बसमध्ये शेजारी त्याच गावच्या मथुराआजी बसल्या होत्या. कुणाकडे निघाला, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आजींनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "घर चांगलं हाये बाप्पा. पोरगं बी गुनाचं हाये. भांडे तेवढे मोजून देजा." यात दुष्टावा नव्हता. पुढचा रस्ता खराब आहे, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

अशा घरात जन्मलेला माणूस दोनपैकी एक होतो, एकतर निर्लज्ज होतो नाहीतर आमच्या इवायांसारखा होतो. दुसऱ्याची वस्तू त्यांच्या हातात फार वेळ राहिली की त्यांना घाम फुटतो. टपरीवर चहा प्याले की कप स्वतः विसळतात, मालकाच्या हातात देतात आणि "पाहून घ्या" म्हणतात. कुणाच्या लग्नाला गेले तर झोळीतून घरचं ताट, घरची वाटी काढून पंगतीत मांडतात. अनोळखी माणसांना वाटतं, सोवळं कडक दिसतंय. एकदा माझ्या बायकोने स्टीलच्या डब्यातून त्यांना चिवडा पाठवला. मी तो पोचवला, त्यांनी अंगणातच पेपर पसरून त्यावर ओतून घेतला, डबा राख लावून घासला आणि मी वहाणा काढायच्या आत माझ्या पिशवीत परत घातला. "आपल्या घरी राहून गेला तं उगाच इसरून जाईन," म्हणाले. मुलीच्या पहिल्या दिवाळीला तिने सासूला अभ्यंगाच्या वेळी सहज विचारलं, आई, आपल्याकडे घंगाळ नाही का? मुलगी सांगते, की त्यावर घरात जी शांतता पसरली तशी तिने त्याआधी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये अनुभवली होती. त्या घरात सगळे प्लॅस्टिकच्या बादलीने आंघोळ करतात, आणि बादलीही दुकानदाराकडून पावती घेऊन आणलेली.

लग्नात तर त्यांनी माझ्या बायकोला रडवलं. तिने मुलगी शाळेत जायला लागल्यापासून आंदणाची भांडी जमवली होती, एकेका सणाला एकेक. ती ओसरीवर मांडली, बायका कौतुक करायला जमल्या, आणि इवाई दारात हात जोडून उभे. "ईनबाई, तुमची पोरगी आमाले सोन्यावानी हाये. पन भांडं एकबी नोको." बायकोला वाटलं भांडी कमी पडली. माझा मेहुणा तापट, तो अस्तन्या सारून पुढे आला. तेवढ्यात विहीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सगळी कथा सांगितली, आणि मेहुणा जो हसत सुटला तो अक्षता पडेपर्यंत हसत होता. इवायांनी त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. ते म्हणाले, "तुमी हासले, बरं वाटलं. आमच्या गावात कोनी हासत नाई, सगळे खरंच समजतेत."

तर या माणसाला पुरातत्त्वाचं वेड लागलं ते असं. वेड हा माझा शब्द. त्यांच्या मते ती कोर्टकचेरी होती. त्यांचा मुद्दा सरळ होता. विहीर रुसत नसते, विहीर बुजते. ती कधी बुजली ते मातीत कळतं. आपले पूर्वज या गावात आले त्याच्या आधीच ती बुजलेली निघाली, तर घंगाळ कुणी, कुठून आणि कसं नेलं? "मले इतिहासाशी काई घेनंदेनं नाई, इवाई," ते मला भर उन्हात सांगायचे. "इतक्या पिढ्या आमी जामिनावर हाओत. एकडाव निकाल लागला पायजे." या निकालासाठी त्यांनी पुस्तकं मिळवून वाचली, वस्तुसंग्रहालयांतल्या पहारेकऱ्यांचं डोकं खाल्लं. आम्ही दोघं शिरपूरला गेलो तर सगळे यात्रेकरू देवाकडे बघतायत आणि हे जुन्या देवळाच्या जोत्यापाशी पालथे पडून दोन दगडांमधली फट निरखतायत. एका बाईंनी मला हळूच विचारलं, याईले चक्कर आली का? मी मुलीचा बाप, मी म्हटलं, हो, अधूनमधून येते.

आमच्याकडे दगड जुना असला की तो हेमाडपंती, असा सरसकट निकाल आहे. इवायांसमोर तो शब्द काढायची सोय नव्हती. "हेमाडपंताचा आजाबी जल्माले यायचा होता, तवाची हाये आपली बारव," असं ते बजावायचे. पुरावा म्हणून गावात विखुरलेले घडीव दगड दाखवायचे. एक देवळाच्या उंबऱ्याला लावलेला, एक कुणाच्या गोठ्यात बैल बांधायला, आणि सगळ्यात सुंदर, कडेला कमळाची पट्टी असलेला, हातपंपापाशी बायका धुणं धुतात तो. दोन दगड चुन्याशिवाय एकमेकांना जखडायला त्यांत खाचा कोरतात, ती खाच त्या धुण्याच्या दगडाला आहे असा त्यांना संशय होता. एके सकाळी त्यांनी ओल्या लुगड्यांसकट तो उलटवायला घेतला. बायकांनी त्यांना देवळापर्यंत पळवलं. धापा टाकत पारावर बसले, आणि मी पाणी आणून दिलं तेव्हा पहिला शब्द बोलले तो हा, की खाच आहे.

असे आम्ही वर्षानुवर्षं उन्हाळे घालवले. पेरणी नसते, वावरं मोकळी असतात, कुणी अडवत नाही. सरपंचाचं वावर बघून झालं, देवळाचं बघून झालं, नाल्याकाठची सगळी पट्टी बघून झाली. विटांचे जाड तुकडे मिळाले, लाल-काळी खापरं मिळाली, माझ्या मुलीच्या माडीवर त्यांची पोती उभी राहिली. बारव मात्र नाही. एक दिवस जेवताना विहीणबाई म्हणाल्या, "सारं गाव पाहून झालं. आता आपलं वावर पाहा एकडाव." इवायांचा घास हातातच राहिला. आपल्या वावरात ती असूच शकत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, नसलीच पाहिजे. मला तेव्हा उलगडा झाला. घंगाळ चोरल्याचा आळ असलेल्या माणसाच्या जमिनीत बारव निघाली, तर गाव म्हणेल, बघा, घंगाळच काय, अख्खी बारव गिळून बसले होते. या भीतीने हा गृहस्थ इतकी वर्षं स्वतःचा धुरा सोडून जगभर फिरत होता.

शेवटी ती सापडली ती माझ्या चष्म्याच्या डबीमुळे. मे महिना होता, आम्ही त्यांच्याच वावरात निंबाखाली भाकरी खायला बसलो होतो. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझी डबी घरंगळली आणि भेगेत गेली. ती काठीने उकरत मी भेगेबरोबर पुढे सरकलो, आणि एका जागी भेग संपली. शेजारचीही तिथेच संपली. त्याच्या शेजारचीही. सुरीने कापावी तशा सगळ्या भेगा एका सरळ रेषेत थांबल्या होत्या, आणि पुढे चांगला ऐसपैस चौकोन, त्यात एकही भेग नाही. म्हणजे खालची माती वेगळी होती, कधीतरी तिथे भलतंच काही भरलं गेलं होतं. मी आनंदाने हाका मारल्या. इवाई आले, त्यांनी चौकोनाच्या चारही बाजूंनी एक फेरी मारली आणि मटकन खाली बसले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "आपल्याच वावरात निंगाली, इवाई," म्हणाले. विहीणबाई भाकरीची टोपली आवरत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "बारव पायजे होती न? मंग आता कायले तोंड पाडून बसले?"

दडवणं त्यांच्या रक्तात नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुरातत्त्व खात्यासकट सगळीकडे कळवलं, आणि पुढच्या हिवाळ्यात उत्खननाच्या बाई आल्या. तरुण, शांत, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांनी दोऱ्या ताणून चौकोन आखले आणि इवायांना दोरीच्या बाहेर उभं केलं. इवायांना वाटलं होतं, चार माणसं, चार फावडी, संध्याकाळपर्यंत बारव. बाईंनी खिशातून ब्रश काढला. "बाई, या ब्रशानं माहे नातू म्हातारे होतीन," असं ते म्हणाले, पण दोरी ओलांडली नाही. हळूहळू वरची पायरी दिसली, मग तिच्याखालची, मग भिंतीत एक छोटी देवळी आणि तिच्यात झिजलेली मूर्ती, जी गणपती की देवी यावर गावात आजही दोन तट आहेत. इवाई रोज काठावर उकिडवे बसून प्रत्येक घमेल्यात डोकावत. मी विचारलं, काय शोधता? त्यांनी आणखी एका घमेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "घंगाळ आतमंदीच निंगालं तं?" त्यांच्या मनात ही आशा होती, की चोरीचा माल बारवेच्याच पोटात सापडावा आणि प्रकरण एका दिवसात मिटावं. घंगाळ निघालं नाही. तांब्याचा तुकडाही निघाला नाही.

पण निकाल लागला, आणि तो त्यांच्या बाजूने. काम आटोपत आल्यावर त्यांनी बाईंना विनंती केली, की जे मला सांगितलं ते पारावर सगळ्यांना सांगा. बाईंनी सांगितलं. बांधणी बहुधा राष्ट्रकूटांच्या काळातली, नक्की ठरायला वेळ लागेल. पण कोसळलेल्या दगडांवर पुराचा गाळ थरावर थर बसला आहे, त्या थरांमधली खापरं फार जुनी आहेत, आणि त्यावरून एवढं स्पष्ट आहे की आजचं गाव वसायच्या कितीतरी आधी ही बारव बुजून गेली होती. म्हणजे या गावातल्या कुणीही तिच्यातून काहीही नेलेलं असणं शक्य नाही. इवाई शेजारी इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. गावाने शांतपणे ऐकून घेतलं. मग मथुराआजींनी विचारलं, "मंग आता वर काहून आली?"

"आली नाही, आजी. यांनी शोधून काढली," बाई म्हणाल्या.

"याच्याच वावरात?"

"हो."

"गेली याईच्या पायी, अन् परत आली ती बी याईच्याच वावरात." आजींनी सगळ्यांकडे पाहिलं. "म्हंजे केलं यानं घंगाळ परत. गुपचूप केलं, पन केलं."

पारावर एक समाधानाची लाट पसरली. बाईंनी पुन्हा गाळाचे थर समजावले, पण आता ऐकतं कोण. लोक उठून इवायांच्या पाठीवर हात ठेवून जाऊ लागले. एकाने तर त्यांना मिठी मारली आणि म्हणाला, "हिंमत लागते, काका." इवाई माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. मला हसू येत होतं आणि त्यांची इतकी दया येत होती की दोन्ही एकदम आवरणं अवघड झालं. त्यानंतर गाव त्यांच्याशी जेवढं गोड वागलं तेवढं पूर्वी कधी वागलं नव्हतं. बायका आपण होऊन उसन्या वाट्या देऊ लागल्या. इवाई ओट्यावर बसून राहात. "मले निर्दोष सुटायचं होतं, इवाई," ते एकदा म्हणाले. "याईनं शिक्षा माफ केली."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण देवळामागे कमलबाई राहतात. नवरा नाही, वर्षानुवर्षं इवायांच्याच वावरात निंदणीला येतात, बोलायला फार कमी. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. आंदणाची भांडी भाऊ देणार होता, तो ऐन वेळी कशावरून तरी फिरला. एका सकाळी कमलबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन उकरलेल्या बारवेपाशी गेल्या, वरच्या पायरीवर कुंकू वाहिलं, आणि ज्या बाईचा आवाज शेजारणीलाही धड माहीत नव्हता तिने मोठ्याने मागितलं. परात, पाण्याचा गुंड, तांब्या, ताटं, आणि एक घंगाळ. मग मागे न बघता घरी गेल्या. तासाभरात गावात प्रत्येकाला ठाऊक झालं, की उद्या उजाडताना काय ते कळेल.

दुपारच्या बसने इवाई वाशीमला माझ्या दारात. पाणीही न घेता बसले. "आयका," म्हणाले, "उद्या पायरी रिकामी राह्यली का मी सुटलो. बारव भांडे देत नाई, कधी देत नव्हती, हे गावाच्या डोयानं दिसन. मंग आमच्या आज्या-पंज्यानं नेलं काय? बाईच्या सांगन्यानं जे झालं नाई ते उद्या आपोआप होते."

"मंग चांगलंच झालं न," मी म्हटलं.

"अन् ते पोरगी सासरी जाईन तं काय आयकन? तुह्या मायले बारवेनं बी देल्लं नाई."

आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी ते उन्हातान्हात फिरले ती आता फक्त रात्रभर घरी झोपून मिळणार होती. काही करायचं नव्हतं. मी हे त्यांना सांगूनही पाहिलं. मुलीच्या बापाला शोभणार नाही इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं, की आता तुम्हीच पायरीवर भांडी ठेवली तर जन्मभर चोर राहाल, तुमची नातवंडं चोर राहतील, आणि ती माझीही नातवंडं आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून वहाणा घालू लागले. "भांड्याचं दुकान कोनतं चांगलं हाये तुमच्या इकडं?"

जो माणूस बादलीची पावती जपतो त्याला भांड्यांच्या दुकानात बघणं मजेचं होतं. प्रत्येक भांडं त्यांनी बोटाने वाजवून पाहिलं, परातीची किनार तपासली, गुंडाची बैठक तपासली. घंगाळ सगळ्यात शेवटी मागितलं. दुकानदाराने तांब्याचं, चांगलं जड काढून समोर ठेवलं, तर त्याला हात लावायला त्यांना थोडा वेळ लागला. सगळं बांधायच्या आधी दुकानदाराने सवयीने नाव कोरायचं यंत्र हातात घेतलं आणि चालू केलं. आंदणाच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतातच. "काय नाव टाकू?"

इवाई घंगाळाकडे बघत होते. त्यांचं ते भारदस्त आडनाव, जे गावात कुणी घेत नाही, ते तांब्यावर कायमचं उमटू शकलं असतं. "कोरेच राहू द्या," ते म्हणाले.

"काका, फुकट टाकून देतो. नाईतर देनारा कोन होता ते समजन कसं?"

"गावाले माईत हाये," इवाई म्हणाले, आणि हसले. मी त्यांना इतक्या मोकळेपणाने हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावाला जाग यायच्या आधी आम्ही दोघांनी भांड्यांचं पोतं धरून वावरात नेलं. मी कडेला थांबलो, ते पायऱ्या उतरले. त्यांनी प्रत्येक भांडं आपल्या पंच्याने पुसून एकेका पायरीवर ठेवलं, जशी कुणी पाहुण्यांसाठी मांडावीत तशी. घंगाळ कमलबाईंच्या कुंकवाशेजारी. मग खालच्या पायरीपाशी थांबून ते देवळीतल्या त्या झिजलेल्या मूर्तीकडे बघत राहिले. तेवढ्यात पूर्वेला फटफटलं आणि आम्ही दोन म्हातारे तुरीच्या काड्या तुडवत घाईघाईने घरी आलो. विहीणबाईंनी चहा ठेवला होता. कुठे गेला होता, हे त्यांनी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही, आणि सूर्य वर यायच्या आत सगळं गाव तिकडे धावत होतं.

लग्न त्याच आठवड्यात झालं. हळदीच्या नवरीला बायकांनी नव्या घंगाळातल्या पाण्याने न्हाऊ घातलं, आणि कमलबाई ते सगळ्यांना उचलून दाखवत होत्या. पंगतीत मी इवायांच्या शेजारी बसलो होतो. मथुराआजी काठी टेकत आमच्यापाशी आल्या, इवायांसमोर वाकल्या आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुह्या पंज्यानं नेलं होतं, तुह्या हातानं वापस आलं," म्हणाल्या. "आता मनात काई ठेवू नोको, बाबू. झालं ते झालं."

मी घास खाली ठेवला. मला उभं राहून त्या मांडवाला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की या माणसाने, याच्या बापाने, याच्या आज्याने कधी कुणाचा चमचाही घेतलेला नाही. इवायांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला खाली दाबलं. मग दोन्ही हात जोडून आजींना म्हणाले, "हो, आजी. चुकलं होतं आमचं."

आजींचे डोळे भरून आले, माझेही. पलीकडे कमलबाईंची मुलगी हिरव्या चुड्यात बसून कुणाशी तरी हसत होती. इवायांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्या पानाकडे, आणि वाढप्याला हाक मारून मला आणखी वरण वाढायला लावलं.